कानाचा पडदा खरंच दिसला का, हे कुणीतरी विचारा: मेडिकल कॉलेजातल्या सर-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांमधले बालरोग आणि ईएनटी (कान-नाक-घसा) विभागातले सगळे सर आणि मॅडम, आणि प्रॅक्टिकल परीक्षेचं ठरवणारे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातले वरिष्ठ,

स. न. वि. वि.

मी जिल्ह्याच्या गावात ईएनटीची प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांपैकी बरीचशी आधी दोन-तीन डॉक्टर फिरून आलेली असतात आणि त्यांच्या फाइली वाचून वाचून हे पत्र लिहावंसं वाटलं. मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथेच थांबू शकतात. आपण शिकाऊ डॉक्टरांना लहान मुलांच्या कानाचं इन्फेक्शन शिकवतो पण मुलाचा कान बघायला शिकवत नाही, आणि त्यांनी बघितलं असं म्हटलं तरी नेमकं काय बघितलं हे तपासत नाही.

हा सीन तुम्हाला पाठ असेल. सर ऑटोस्कोप (कानात बघायची दुर्बीण) घालून बघतात, म्हणतात "बघ, पडदा बल्ज झालाय", म्हणजे फुगलाय, मागे उभा असलेला इंटर्न पुढे येतो, तोवर मूल रडून लालबुंद, आई घामाघूम, दाराबाहेर लाईन, इंटर्न दोन सेकंद डोळा लावतो आणि म्हणतो "हो सर". झालं शिक्षण. त्याला पडदा दिसला, का कॅनालची, म्हणजे कानाच्या नळीची, भिंत दिसली, का नुसता मळ दिसला हे सरांना कळायला काही मार्गच नाही कारण साध्या ऑटोस्कोपला एकाच डोळ्याची जागा असते. पोट तपासताना तुम्ही त्याच जागी हात ठेवून बघू शकता, एक्स-रे तर सगळे मिळून बघतात, हृदयाचा मर्मरसुद्धा परत ऐकून खात्री करता येते, कानाचं मात्र तसं नाही, त्याने जे बघितलं ते फक्त त्यानेच बघितलेलं असतं आणि "हो सर" च्या पलीकडे आपण विचारत नाही.

माझ्याकडे बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) आजूबाजूच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, असलेली पोरं-पोरी कधी कधी सुट्टीच्या दिवशी बसायला येतात, हुशार असतात, शिकायची इच्छा असते म्हणूनच येतात. त्यांना मी मुलाचा कान बघायला देते आणि मग कागद पुढे करून म्हणते काय दिसलं ते काढून दाखव. बहुतेक वेळा पुस्तकातली आकृती येते, छान गोल, मॅलियस या हाडाची दांडी, आणि घड्याळातल्या पाच वाजताच्या जागी कोन ऑफ लाइट, म्हणजे पडद्यावर चमकणारा उजेडाचा त्रिकोण. आता पाच वाजता तो उजव्या कानात असतो, डाव्यात सात वाजता, आणि मी बघायला दिलेला असतो डावा कान! म्हणजे डोळ्यांनी जे बघितलं ते कागदावर आलंच नाही, सेकंड इयरपासून डोक्यात बसलेलं चित्र आलं. यात त्या पोरांना हसण्यासारखं काही नाही, त्यांना आजवर कुणी असं काढून दाखवायला सांगितलेलंच नसतं.

याच मुलांना लाइटहाउस साइन (पडद्याच्या भोकातून ठोक्यागणिक चमकणारा पू) विचारा, झोपेतून उठून सांगतील. कार्टव्हील अपिअरन्स (पडद्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रक्तवाहिन्या), एएसओएमच्या, म्हणजे पडद्यामागच्या मध्यकर्णात पू होणाऱ्या इन्फेक्शनच्या, पाच स्टेजेस ओळीने, घशापासून मध्यकर्णात जाणारी यूस्टेशियन ट्यूब मुलांमध्ये आखूड, रुंद आणि आडवी असते, स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए, हिमोफिलस, मोराक्सेला हे जंतू, सगळं तयार. पीजी प्रवेशाच्या एमसीक्यूंना हे लागतं म्हणून तयार असतं, बरोबरच आहे त्यांचं. पण सहा महिने ते दोन वर्षं या वयात, जिथे हा आजार सगळ्यात जास्त होतो, तिथे मूल स्वतःच्या तोंडाने कान दुखतोय म्हणून सांगत नाही, ते नुसतं रडतं, ताप असतो, दूध नको म्हणतं, कानाला हात लावतं (जो ते झोप आली तरी लावतं), घरचे म्हणतात दात येतायत, आणि मग निदान करायला पडदा सोडून दुसरं काहीही हातात नसतं. लक्षणांवरून अंदाज बांधता येईल असा हा आजारच नाही.

आणि पडदा बघितला तरी काय बघायचं हे सुद्धा उलटं शिकवलं जातंय असं मला वाटतं. फाइलीत सर्रास लिहिलेलं असतं, टीएम कंजेस्टेड, म्हणजे पडदा लाल. अहो रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल असतोच, तापातही असतो, मळ काढताना धक्का लागला तरी होतो. शिवाय ऑटोस्कोपची बॅटरी उतरली असेल तर पिवळ्या उजेडात सगळेच पडदे आजारी दिसतात. फिनलंडमध्ये 1980 च्या दशकात डॉक्टरांना दिसलेला पडदा आणि मग छेद देऊन आत खरंच काय निघालं हे ताडून बघितलं होतं, त्यात नुसत्या लालपणाचा फारसा उपयोग नाही हे स्पष्ट दिसलं, खरी किंमत निघाली ती पडदा फुगलाय का, गढूळ झालाय का आणि हलतोय का या तीन गोष्टींची. अमेरिकन बालरोग अकॅडमीच्या 2013 च्या गाइडलाइनमध्येही तेच आहे, पडद्यामागे पाणी नसेल तर अक्यूट ओटायटिस मीडिया (मध्यकर्णाचं तीव्र इन्फेक्शन) म्हणायचंच नाही, आणि फुगवटा हा मुख्य निकष. मी पोरांना सांगते की मॅलियस मधे चिकटलेला आणि बाजूने पडदा बाहेर आलेला, मेदूवडा समज, तो दिसला तर लिही बल्जिंग, नाही दिसला तर तो शब्द लिहू नको. एवढ्याने सुद्धा फरक पडतो.

हलण्याची गोष्ट तर आपल्याकडे जवळजवळ विसरलीच गेलीय. न्यूमॅटिक ऑटोस्कोपी सगळ्यांना ऐकून माहीत असते. ऑटोस्कोपच्या डोक्याला बाजूला बारीक नळी असते, तिला रबरी फुगा जोडायचा, स्पेक्युलम, म्हणजे टोकाला लावायचं छोटं नरसाळं, कॅनालमध्ये बसेल तेवढं मोठं घ्यायचं म्हणजे हवा बाहेर गळत नाही, आणि अगदी हलकं दाबायचं. निरोगी पडदा आत जातो, सोडला की परत येतो, मागे पाणी असेल तर ढिम्म हलत नाही. एकदा दिसलं की माणूस विसरत नाही. पण फुगा कुठंय? खरेदीच्या यादीत ऑटोस्कोप असतो, फुगा नसतो, किंवा असतो तो चिरलेला. ईएनटी ओपीडीच्या काचेच्या कपाटात सीगलचं स्पेक्युलम, म्हणजे पडदा हलवून बघायचं फुगावालं साधन, असतं, ते परीक्षेच्या दिवशी टेबलावर मांडतात, "हे काय आहे, उपयोग सांगा", विद्यार्थी उपयोग सांगतो, मार्क मिळतात, स्पेक्युलम परत कपाटात.

याने काय होतं ते मी इकडे बसून बघते. पहिलं म्हणजे सर्दीच्या प्रत्येक पोराला कानाचं इन्फेक्शन ठरवून अँटिबायोटिक, तेही साधं अमॉक्सिसिलिन नाही तर थेट वरच्या पायरीवरचं, वर कानात ड्रॉप. पडदा शाबूत असेल तर ड्रॉप मध्यकर्णात पोचत नाही हे आपणच शिकवलेलं असतं ना? आणि पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिनचे ड्रॉप आतल्या कानाला घातक ठरू शकतात हेही आपणच शिकवलेलं. म्हणजे पडदा बघितल्याशिवाय ड्रॉप लिहिणं दोन्ही बाजूंनी चूक, आणि तरी ते रोज होतं. 48 ते 72 तास थांबून बघण्याची मुभा गाइडलाइनमध्ये ठराविक मुलांसाठी आहे, त्रास सौम्य असलेली, दोन वर्षांच्या पुढची, किंवा सहा महिने ते दोन वर्षांतली पण एकच कान धरलेली, पण ज्याला स्वतःच्या डोळ्यावर भरवसा नाही तो डॉक्टर कशाला थांबेल? तो औषध लिहून मोकळा होणार, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल.

दुसरं याच्या बरोबर उलटं. पडद्यामागे नुसतं पाणी साठलेलं, ताप नाही, ठणका नाही, कान वाहत नाही. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आई म्हणते हाक मारली तरी लक्ष देत नाही, टीव्ही मोठा लावतो, बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं, घरात मार खातो. ऐकू येणं साधारण 20 ते 30 डेसिबलने कमी झालेलं असतं, म्हणजे समोर बसून बोललं तर ऐकतो आणि मागून हाक मारली तर नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मुद्दाम करतोय. बरेचदा हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं, अँटिबायोटिकने काही होत नाही, पण ज्यांचं जात नाही त्यांना शोधायला आधी कुणीतरी पहिल्यांदा बघितलेलं असायला हवं की नाही.

तिसरं सगळ्यात वाईट. कान वाहतो, गावाकडे म्हणतात कान फुटलाय, लसणाचं तेल घाल, वय वाढलं की बंद होईल. डॉक्टरकडे गेलं की ड्रॉप, थांबतो, परत वाहतो, परत ड्रॉप. थोडाच पण घाण वास मारणारा पू असेल तर पडद्याच्या वरच्या टोकाला, ॲटिकमध्ये, बघायला पाहिजे, तिथे कोलेस्टिॲटोमा (साचत जाणारी कातडीची गाठ) असेल तर तो हाड खात जातो, मग तोंड वाकडं होतं, चक्कर येते, मेंदूत गळू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात जुनाट वाहत्या कानाचं प्रमाण जिथे 4 टक्क्यांहून जास्त आहे अशा सगळ्यात वरच्या गटात भारत होता. हे असं असताना एमबीबीएस होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला ॲटिक दाखव म्हटलं तर दाखवता येत नसेल तर आपण कुठल्या देशासाठी डॉक्टर तयार करतोय?

आता हे का होतं याबद्दल माझं मत. मूल बालरोग विभागाचं आणि कान ईएनटीचा, आणि विद्यार्थी दोन्हीच्या मधे पडतो. बालरोग ओपीडीत ऑटोस्कोप बहुतेक वेळा कपाटात किंवा चार्जिंगशिवाय, कान म्हटलं की केसपेपरवर "ईएनटी ओपिनियन" लिहायचं, आई मुलाला घेऊन दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जाते, तिथे दुपारचे दोन वाजलेले, उद्या या. रेसिडेंटला (पीजी करणाऱ्या डॉक्टरला) ते ओपिनियन परत येऊन काय होतं ते कळतही नाही, त्यामुळे त्याचा अंदाज बरोबर होता का चूक हे त्याला तीन वर्षांत कुणी सांगत नाही. आणि ईएनटी ओपीडीत पेशंट जास्त करून मोठी माणसं, तिथे हेडलाइट आणि स्पेक्युलम, मोठ्या माणसाचा सरळ कॅनाल, ओढायचा कान वर आणि मागे. तेच शिकलेला मुलगा पीएचसीला दीड वर्षाच्या पोराचा कान पण वर ओढतो, जो खाली आणि मागे ओढायला हवा, आणि त्याला काही दिसत नाही, मग तो कंजेस्टेड लिहितो. इंटर्नशिपमध्ये ईएनटीला दोन आठवडे, त्यातले किती रक्ताच्या ट्यूबा आणि रिपोर्ट आणण्यात जातात ते मी सांगायला नको.

कागदावर सगळं आहे बरं का. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ऑटोस्कोपने कान तपासणं हे कौशल्य बालरोगात पण लिहिलंय आणि ईएनटीत पण. लॉगबुकात सह्याही असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून शाळा-अंगणवाडीत तपासायच्या 30 गोष्टींमध्ये ओटायटिस मीडिया आहे. आयएमएनसीआयमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या आजारांसाठीच्या सरकारी तपासणी पद्धतीत, कानाचा वेगळा भाग आहे, पू 14 दिवसांच्या आतला का जास्त दिवसांचा, कानामागे दुखरी सूज आहे का, आणि तो आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑटोस्कोप नसतानाही वापरता यावा म्हणून फार विचार करून बनवलाय, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण एमबीबीएस झालेल्या माणसानेही तेवढ्यावरच थांबावं हे काही मला पटत नाही.

कुणी म्हणेल ताई तुमचं ईएनटीवाल्यांचं आहे, तुम्हाला सगळे कान वाटतात. म्हणून सांगते, हा प्रॉब्लेम फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना पडद्याचे 9 व्हिडिओ दाखवले होते, फुगा दाबून पडदा हलतोय की नाही दिसेल असे, तर बालरोगतज्ज्ञांची सरासरी निम्मी उत्तरं बरोबर आली आणि ईएनटीवाल्यांची 73 टक्के. म्हणजे आम्हीही चारातलं एक चुकतोच, कॉलर ताठ करण्यासारखं काही नाही. तिथे पिट्सबर्गच्या बालरोगवाल्यांनी मग रेसिडेंटसाठी व्हिडिओंवर आधारलेला कोर्सच बनवला, पडदा बघ, काय आहे ते ठरव, मग उत्तर बघ. त्यात काही रॉकेट सायन्स नाही, आपल्याला सहज जमेल.

मला काय पाहिजे ते सांगते. एक म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकच पडदा बघायचा. ईएनटीत एंडोस्कोप आणि स्क्रीन असतेच, मुलाचा कान त्यावर दाखवा आणि मग विद्यार्थ्याला बोलू द्या, आधी तुम्ही नावच सांगू नका. तुम्ही बल्ज म्हणालात की त्याला बल्जच दिसणार. तिकडे बालरोग ओपीडीत मोबाइलला जोडायचे कॅमेरे आता हजार-दोन हजारात मिळतात, त्यात फुग्याची सोय नसते आणि पालकांनी ते घेऊन घरी मळ काढत बसू नये हे वेगळं सांगायला पाहिजे (माझ्याकडे येतात अशी मंडळी, कॅनाल सोलून), पण शिकवायला चालतात.

दुसरं, उत्तर आधी लिहून घ्या आणि मग ताडून बघा. याला पैसा लागत नाही. ऑडिओलॉजी विभागात टिम्पॅनोमीटर (पडदा किती हलतो ते मोजणारं यंत्र) असतो, विद्यार्थ्याने केसपेपरवर लिहायचं "पाणी आहे" किंवा "नाही", मग टिम्पॅनोमेट्रीला पाठवायचं, दोन मिनिटांत पाणी असल्याचा सपाट टाइप बी ग्राफ येतो किंवा येत नाही. फक्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला 1000 हर्ट्झचा प्रोब टोन (यंत्र कानात सोडतं तो आवाज) लागतो तेवढं बघा, नाहीतर फसगत होते. आणि त्याहून भारी म्हणजे ओटी, ऑपरेशन थिएटर. ग्रोमेट (पडद्याला छेद देऊन त्यात बसवायची बारीक नळी) टाकायची केस लागली की बालरोगाच्या रेसिडेंटला बोलवा. मूल झोपलेलं, शांत, हलत नाही, मायक्रोस्कोपखाली पडदा एवढा मोठा दिसतो, त्याला आधी विचारा मागे पाणी आहे का, पातळ का चिकट, लिहून घ्या आणि मग छेद द्या. भुलीच्या गॅसने मध्यकर्णातला दाब बदलतो हे त्यालाही सांगा म्हणजे एखादा कान कोरडा निघाला तर तो खचणार नाही. क्लेफ्ट पॅलेटच्या (टाळूला फट असलेल्या) मुलांमध्ये तर जवळजवळ सगळ्यांना पाणी असतं, ती मुलं बऱ्याच कॉलेजांत ऑपरेशनला येतातच, म्हणजे केस शोधायला जायला नको. एका सकाळी जे कळतं ते दहा लेक्चरनी कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि नॉर्मल कान दाखवा हो, भरपूर दाखवा. वॉर्डात जुलाब, न्यूमोनिया, कशाकशाने मुलं ॲडमिट असतात, आईला विचारून रोज दोन-तीन मुलांचे कान बघायला लावा. ज्याने राखाडी, चमकदार, आरपार दिसणारा पडदा पोटभर बघितलाय त्याला बिघडलेला पडदा नाव माहीत नसतानाही खटकतो. हातही तिथेच बसतो. आईच्या मांडीवर आडवं, मुलाचे पाय तिच्या मांड्यांमध्ये, तिचा एक हात दोन्ही हातांवर आणि एक कपाळावर, ऑटोस्कोप पेनसारखा धरायचा आणि करंगळी मुलाच्या गालाला टेकवलेली, म्हणजे मुलाने झटका दिला तर हात डोक्याबरोबरच हलतो, स्पेक्युलम आत घुसत नाही. ही करंगळी कुणी शिकवत नाही आणि मग पोरं घाबरून कानच बघत नाहीत. मळ काढायलाही शिकवा, कारण आपल्याकडच्या निम्म्या कानांत तेल आणि मळच असतो आणि परदेशी ॲटलासातले ते स्वच्छ धुतलेले कान इथे कधी येत नाहीत.

वेळ नाही म्हणाल, ओपीडीत दीडशे पेशंट आहेत म्हणाल, मान्य. दीडशेचे नका बघू. रोज एक मूल, पण विद्यार्थ्याने लिहिलेलं उत्तर आणि तुम्ही तपासलेलं, एवढंच. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात सर्दीच्या दिवसांत तर केसेस दारात येतात.

आरोग्य विद्यापीठाला वेगळी विनंती. जोवर परीक्षेत "एएसओएमच्या स्टेजेस लिहा" येतंय तोवर पोरं स्टेजेसच पाठ करणार, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. प्रॅक्टिकलला एक स्टेशन ठेवा, लॅपटॉपवर पाच छोटे व्हिडिओ, फुगा दाबताना पडदा हलतोय की नाही दिसेल असे, त्यात एक नॉर्मल, एक रडून लाल झालेला पण निरोगी, एक फुगलेला, एक नुसतं पाणी, एक ॲटिकवाला. प्रत्येकापुढे दोनच प्रश्न, काय आहे आणि अँटिबायोटिक द्याल का. बालरोगाच्या पीजी परीक्षेत पण हेच ठेवा, तिथे तर जास्तच गरज आहे. कॉलेजं आपोआप फुगे विकत घेतील बघा.

माझ्याकडे पालकांची लेखी संमती घेऊन रेकॉर्ड केलेले पडद्याचे व्हिडिओ आहेत, नावगाव काढून टाकलेले, मळवाले तेलवाले सगळे आहेत, आपल्याच मुलांचे. ज्या विभागाला हवेत त्यांनी सांगावं, फुकट देईन, आणि शनिवारी दुपारी बोलावलंत तर येऊन बसेन पण. फक्त ऑटोस्कोप चार्ज करून ठेवा.

आपली,
जिल्ह्याच्या गावातली एक ईएनटी डॉक्टर